बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली का?

या भागात आकडे बरेच आहेत आणि ऐकताना ते निसटतात, म्हणून सगळं इथे लिहून टाकतोय.

सुरुवातीलाच सांगतो: पाबळ असो की पुणे, महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे, अगदी स्वतःपुरती केली तरी. अमेरिकेत मात्र १९७८ च्या कायद्यानंतर सज्ञान माणसाला वर्षाला १०० गॅलनपर्यंत घरगुती बिअर करता येते. शिवाय आपापल्या राज्याचे नियम पाहायचे. तेव्हा कृती तिकडच्या श्रोत्यांसाठी, आणि त्यामागचं विज्ञान आपल्या सगळ्यांसाठी.

प्रश्न साधा आहे. बादलीवरच्या एअरलॉकमधून बुडबुडे यायचे थांबले, आता बाटल्या भरायच्या का?

नाही. झाकण नीट बसलं नसेल तर गॅस कडेने निघून जातो आणि आंबवण जोरात चालू असूनही एअरलॉक शांत दिसतो. उलट, दुपारी खोली तापली की द्रवात विरघळलेला गॅस बाहेर पडतो आणि काम संपलेलं असूनही बुडबुडे येतात. दोन्ही बाजूंनी फसगत.

खरं उत्तर साखरेत आहे. यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतं, द्रव हलका होतो. हे मोजायला हायड्रोमीटर. डेअरीत दूध घालताना लॅक्टोमीटर पाहिला असेल ना? त्याचाच हा भाऊ. फक्त डेअरीतला इथे चालत नाही, कारण त्याची पट्टी दुधाच्या १.०३० च्या आसपास फिरते. बिअर साधारण १.०५० ला सुरू होऊन १.०१० च्या आसपास थांबते. फरक ०.०४०, त्याला १३१ ने गुणलं की अल्कोहोल निघतं: सुमारे सव्वापाच टक्के.

आता घाई का महागात पडते ते बघा. आकडा ०.००१ ने उतरला की अंदाजे अर्धा 'व्हॉल्यूम' गॅस तयार होतो, म्हणजे एक लिटर बिअरमागे अर्धा लिटर. नेहमीच्या बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूम असतो. १.०१० ला थांबणारी बिअर तुम्ही १.०१५ लाच बाटलीत भरली, तर उरलेल्या साखरेतूनच आणखी अडीच व्हॉल्यूम येणार. त्यात फेसासाठी घातलेली साखर वेगळी. म्हणजे दुप्पट गॅस, आणि काचेची बाटली फुटते ती एखाद्याच्या हातात किंवा तोंडासमोर.

मग रोज झाकण उघडून मोजायचं का? तेही नको. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरला दर सेकंदाला 'झालं का, झालं का' विचारत नाही, कारण प्रत्येक विचारण्याची किंमत असते. इथे ती किंमत म्हणजे आत जाणारी हवा आणि जंतू. म्हणून मोजायचं कमी, पण नीट.

यीस्ट घातल्यावर साधारण दहा दिवस हात लावू नका. मग पहिलं माप, तीन दिवसांनी दुसरं. दोन्ही आकडे तेच आले आणि रेसिपीत दिलेल्या शेवटच्या आकड्याजवळ असले, तर काम झालं. आकडा स्थिर आहे पण १.०२४ वरच, तर आंबवण अडकलंय. खोली थोडी उबदार करा, बादली हलकेच फिरवा आणि थांबा.

स्वच्छतेच्या दोन पायऱ्या आहेत, त्या एक समजू नका. आधी धुणं: चिकटा, साय, डाग निघाले पाहिजेत, कारण घाणीखाली जंतुनाशक पोचत नाही. मग निर्जंतुक करणं. आयोडोफोर चांगलं, गाई-म्हशींच्या सडांना दूध काढल्यावर लावतात त्याच जातीचं औषध. पण गोठ्यातली बाटली आणू नका, खाद्य उपकरणांसाठीचंच घ्या. १२.५ पीपीएमच्या द्रावणात दोन मिनिटं बुडवायचं, निथळू द्यायचं, परत नळाखाली धरायचं नाही. काचेचा हायड्रोमीटर उकळत्या पाण्यात टाकू नका, तडकतो. प्लॅस्टिकच्या बादलीला तारेची घासणी लावू नका. ओरखड्यांत जंतू घर करतात.

नमुना निर्जंतुक पिपेटने किंवा तोटीतून काढा आणि उभ्या नळकांड्यात ओता. हायड्रोमीटर गरकन फिरवा, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतील. नाहीतर ते त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. तापमानही पाहा: २० अंशांसाठी बनवलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या द्रवात सुमारे ०.००२ कमी दाखवतो, तेवढे मिळवा.

आणि तो नमुना परत बादलीत ओतायचा नाही. शंभर मिलिलिटर वाचवण्यासाठी वीस लिटर पणाला लावू नका. वास घ्या, चव बघा. नको तितका आंबटपणा, वर पांढरा पापुद्रा, किंवा अपेक्षेपेक्षा खाली खाली घसरत जाणारा आकडा, यातलं काही दिसलं तर बाहेरचे जंतू शिरल्याची शंका घ्या आणि बाटल्या भरू नका.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने करत शिकण्यासाठी. त्या शिकण्यात मोजणं आलंच. तेव्हा वहीत तारीख, तापमान, आकडा एवढं लिहा. दोन ओळी जुळल्या की मगच बाटल्या काढा.