ठोसा वाढतो, मेंदू तोच राहतो

एप्रिल २०२४मध्ये न्यूयॉर्कला बॉक्सर रायन गार्सियाने डेव्हिन हेनीला तीनदा खाली पाडून सामना जिंकला. नंतर गार्सियाच्या चाचणीत ऑस्टरिन सापडलं. स्नायूंवर टेस्टोस्टेरॉनसारखा परिणाम करणारं हे औषध. जाणूनबुजून काही घेतलं नाही, असं तो म्हणाला. तरी निकाल रद्द झाला, वर्षभराची बंदी आली. हेनीने खाल्लेले ठोसे मात्र रद्द होणार कसे?

'डॉक्टरांच्या देखरेखीखाली सगळ्यांनाच अशा औषधांची परवानगी द्या, म्हणजे फिट्टंफाट,' असं काहीजण म्हणतात. धावपटूच्या बाबतीत धोका मुख्यतः घेणाऱ्यालाच. बॉक्सिंगमध्ये वाढलेली ताकद समोरच्याच्या डोक्यावर उतरते.

जबड्यावर आडवा ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं. कवटीतला मऊ मेंदू किंचित मागे राहतो. चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. स्टेरॉइडने दंड भरतात, पण हे तंतू चिवट करणारं औषध नाही.

ईपीओ या औषधाची तऱ्हा वेगळी. ते तांबड्या पेशी वाढवतं, रक्त जास्त ऑक्सिजन वाहतं आणि शेवटच्या फेऱ्यांतही ठोशातला जोर टिकतो. १९८२मध्ये बॉक्सर किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत दगावला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने फेऱ्या पंधराच्या बारा केल्या. ईपीओला मोकळीक देणं म्हणजे ही सुधारणा मागच्या दाराने पुसून टाकणं.

दोघांनी औषध घेतलं तर बरोबरी होईल खरी, पण ती मार खाण्यातली. म्हणून बंदी हवीच, आणि सरावाच्या महिन्यांत न सांगता होणाऱ्या चाचण्याही. औषधं घेतली जातात ती बहुधा तेव्हाच.