जुना खेळ, नवे यंत्र

श्रोतेहो, घरात आजोबांचे मोडीतले दप्तर आहे, पण वाचणारा कोणी नाही. मग ते असून नसल्यासारखेच, नाही का? संगणकाच्या जुन्या कार्यक्रमांचेही तसेच होते.

१९९४ साली ‘वॉरक्राफ्ट’ हा डावपेचांचा खेळ निघाला. सोने-लाकूड जमवायचे, शेते नि बराकी उभारायच्या, मग सैन्य हलवायचे. त्याचा डेमो म्हणजे वानगी. शितावरून भाताची परीक्षा! पण हा खेळ लिहिला ‘डॉस’ या जुन्या प्रणालीसाठी. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तो सरळ चालत नाही.

इथे ‘डॉसबॉक्स’ कामी येतो. हा कार्यक्रम फुकट मिळतो आणि नव्या यंत्रात जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग उभे करतो. डेमोच्या फायली एका फोल्डरात ठेवा. डॉसबॉक्स उघडून ‘माउंट’ ही आज्ञा द्या नि पुढे ‘सी’ हे अक्षर आणि त्या फोल्डरचा पत्ता लिहा; तो फोल्डर आता त्याची ‘सी’ ड्राइव्ह झाला. तिथे जाऊन आधी मांडणीची फाइल चालवा, आवाजासाठी ‘साउंड ब्लास्टर’ निवडा, मग खेळ सुरू करा. खेळ रेंगाळला तर कंट्रोल दाबून एफ-१२. फारच धावू लागला तर कंट्रोल दाबून एफ-११.

शिक्षकबंधूंनो, डॉसच्या काळातला एखादा पाठ तुमच्या शाळेच्या संगणकात पडून असेल, तर तोही याच वाटेने उघडून पाहा. नुसती वस्तू जपून भागत नाही. ती वाचण्याची विद्याही जपावी लागते.