गिटारच्या तारेंतील स्वयंभू स्वर

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली असतां तिच्या षड्जाबरोबर एक सूक्ष्म गंधारहि ऐकूं येतो, हें गाण्याची आवड असलेल्या घरांतून सर्वांच्या परिचयाचें आहे. हा गंधार कोणी लावलेला नसतो. तो तारेच्या अंगचाच असतो, म्हणून जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. असे स्वयंभू स्वर मुख्य स्वरापासून वेगळे काढून वाजविण्याची एक कला पाश्चात्य तंतुवाद्यांत आहे. अशा स्वरांना तिकडे हार्मोनिक म्हणतात. नखीवांचून, नुसत्या बोटांनीं वाजविल्या जाणाऱ्या गिटारवर ही कला फार खुलते. दूरच्या घंटेसारखा तो निर्मळ नाद ऐकून पुष्कळांना तो आपल्या हातून निघावा असें वाटतें; परंतु पहिल्याच दिवशीं बहुधा निराशा पदरीं येते. तार दाबली तर नेहमींचा साधा स्वर निघतो आणि बोट नुसतें टेकवून ठेवलें तर मुका, ठोकल्यासारखा आवाज होतो. पुष्कळजण येथेंच कंटाळून हा नाद सोडून देतात. ही निराशा टाळावयाची असेल तर बोटानें नक्की काय करावयाचें असतें, हें आधीं समजून घेणें अवश्य आहे.

ताणलेली तार एकाच तऱ्हेनें कांपत नाहीं. ती सबंध लांबीनें तर कांपतेच. पण त्याच वेळीं तिचे दोन सारखे भाग, तीन सारखे भाग, चार, पांच असे भागहि आपापल्या परीनें कांपत असतात. गिटारच्या पांचव्या तारेची आंदोलनें सेकंदास ११० असतात. दोन भागांनीं होणारीं आंदोलनें २२०, तीन भागांनीं होणारीं ३३०, चार भागांनीं होणारीं ४४० आणि पांच भागांनीं होणारीं ५५० भरतात. कानाला मात्र हा सगळा मेळा मिळून एकच स्वर वाटतो. तार दोन भागांनीं कांपते तेव्हां तिच्या बरोबर मध्यावरचा बिंदु स्थिर राहतो. तीन भागांनीं कांपते तेव्हां लांबीच्या एक तृतीयांशावर व दोन तृतीयांशांवर असे दोन बिंदु स्थिर राहतात. अशा स्थिर बिंदूंना निस्पंद बिंदु म्हणतात.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें जोझेफ सोव्हर या फ्रेंच विद्वानानें १७०१ सालीं हा विषय सविस्तर मांडला. त्यानें तारेवर कागदाचे बारीक तुकडे बसविले. कांपणाऱ्या भागांवरचे तुकडे उडून पडत आणि निस्पंद बिंदूंवरचे जागच्या जागीं राहत. या स्वरांना हार्मोनिक हें नांव त्यानेंच रूढ केलें. विशेष हें कीं, नादाचें शास्त्र घडविणारा हा पुरुष लहानपणापासून ऐकण्याबोलण्यांत अधू होता. जें कानांनीं पारखणें त्याला कठीण होतें, तें त्यानें डोळ्यांना दिसेल असें करून दाखविलें.

आतां बोटाचें काम काय तें सहज कळेल. गिटारच्या बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचा मध्य येतो. तेथें बोट हलकेंच टेकवून तार छेडली कीं, ज्या ज्या कंपनांना मध्यावर हालावें लागतें तीं सर्व थांबतात. सबंध तारेचें कंपन थांबतें, तीन भागांचें थांबतें, पांच भागांचें थांबतें. दोन, चार व सहा भागांचीं कंपनें मात्र त्या बिंदूला मुळींच हालवीत नाहींत. त्यामुळें त्यांना बोटाची बाधा होत नाहीं. मूळ स्वर गळून जातो आणि एक सप्तक वरचा, पोकळ व गोड असा स्वर शिल्लक राहतो. सारांश, बोट येथें नवा स्वर घडवीत नाहीं. तारेंत आधींच असलेल्या स्वरांपैकीं नको असलेले तेवढे गप्प करतें.

सर्व अडचणींचें मूळ या गोष्टींत आहे. शिकणाऱ्याला गिटार हातीं घेतल्यापासून तार दाबण्याची सवय लागलेली असते, आणि हार्मोनिक शिकतांना तीच सवय आड येते. स्वर नीट उमटला नाहीं कीं तो बोटाचा भार वाढवितो. भार जितका वाढेल तितका स्वर मरतो. म्हणून जागा, भार आणि वेळ या तीन गोष्टींकडे त्यानें निरनिराळें लक्ष दिलें पाहिजे.

प्रथम जागा. साधा स्वर वाजवितांना बोट पडद्याच्या किंचित् मागें दाबतात. हार्मोनिकसाठीं तें पडद्याच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर माथ्यावर यावें लागतें. बाराव्या पडद्यावर अर्धी तार येते, सातव्यावर जवळजवळ एक तृतीयांश आणि पांचव्यावर जवळजवळ एक चतुर्थांश. तारेचा मोकळा भाग ६५ सेंटिमीटर धरला तर सातव्या व पांचव्या पडद्यांपाशीं निस्पंद बिंदूचें व पडद्याचें अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहतें. तें बोटाला जाणवतहि नाहीं. चौथ्या पडद्याची गोष्ट निराळी आहे. तेथें तारेचा पंचमांश, म्हणजे दांडीच्या टोकापासून १३ सेंटिमीटरवरचा बिंदु हवा असतो. पडदा मात्र सुमारें १३.४ सेंटिमीटरवर बसविलेला असतो. म्हणून बोट पडद्यापासून सुमारें चार मिलिमीटर टोकाच्या बाजूला सरकवावें लागतें. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येकजण पडद्यावरच बोट ठेवून स्वर लागत नाहीं म्हणून आपल्या हाताला दोष देतात.

या फरकाचें कारण मनोरंजक आहे. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसविलेले असतात. निस्पंद बिंदु तारेच्या साध्या अपूर्णांकांवर पडतात. पंचमांशावरचा स्वर म्हणजेच तंबोऱ्यांतला स्वयंभू गंधार होय. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर पडद्याचा गंधार या गंधारापेक्षां सुमारें १४ भागांनीं चढा असतो. एकाच गिटारवर हे दोन्ही गंधार पाठोपाठ वाजवून ऐकले तर तयार कानाला त्यांतला फरक स्पष्ट कळतो.

दुसरी गोष्ट भाराची. बोटाच्या स्पर्शानें तार खालीं वांकतां कामा नये. तार जेवढे अधिक भाग पाडून कांपवावयाची असेल, तेवढा स्पर्श बारीक हवा. बाराव्या पडद्यावर बोटाचें रुंद पेर चालून जातें. पण चौथ्याजवळ तेंच पेर निस्पंद बिंदूच्या दोन्ही बाजूंच्या कांपणाऱ्या भागांनाहि अडवितें आणि स्वर दबतो. तेथें बोटाचें नुसतें टोक टेकवावें.

तिसरी गोष्ट वेळेची. तार छेडली जाण्यापूर्वीं बोट उचललें तर मूळ स्वर वाजूं लागतो. फार उशिरां उचललें तर हार्मोनिक घुसमटतो. छेडतांक्षणींच बोट सरळ वर उचलावें. बोट निघाल्यावर मूळ स्वर परत कां येत नाहीं, अशी शंका कोणास येईल. पण बोटानें थांबविलेलीं कंपनें तेवढ्यांत विझून गेलेलीं असतात. पुन्हां छेडल्याशिवाय त्यांना उजाळा मिळण्याचा संभव नसतो.

उजव्या हाताचाहि येथें मोठा वांटा आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्यांचा निस्पंद बिंदु पडतो तीं कंपनें उत्पन्नच होत नाहींत, असा नियम टॉमस यंग यानें १८०० सालीं सांगितला. पांचव्या पडद्यावरच्या हार्मोनिकचा एक निस्पंद बिंदु घोडीपासून तारेच्या चतुर्थांशावर, म्हणजे गिटारच्या गोल तोंडाच्या आसपास येतो. नेमकी तेथेंच तार छेडली तर डाव्या हातानें कितीहि कौशल्य केलें तरी स्वर लागणार नाहीं. उजवा हात थोडा घोडीकडे सरकविला कीं तोच स्वर ठणठणीत वाजतो. तंबोरा मात्र या नियमाला जुमानीत नाहीं. त्याच्या रुंद, बांकदार घोडीमुळें व जवारीच्या सुतामुळें छेडण्याच्या बिंदूवर निस्पंद असलेले स्वरहि उमटतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखविलें. गिटारच्या घोडीची कड अरुंद असल्यामुळें तिला हा नियम पाळावाच लागतो.

मोकळ्या तारांवर मिळणारे हार्मोनिक मोजकेच. त्यांवर हवी ती चाल वाजवितां येत नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं दुसरी युक्ति योजतात. डाव्या हातानें तार एखाद्या पडद्यावर दाबली म्हणजे तिची लांबी कमी होते आणि तिचा मध्य तितकाच पुढें सरकतो. दुसऱ्या पडद्यावर दाबल्यास तो चौदाव्यावर येतो, तिसऱ्यावर दाबल्यास पंधराव्यावर. उजव्या हाताची तर्जनी त्या नव्या मध्यावर टेकवावी आणि त्याच हाताच्या अंगठ्यानें किंवा अनामिकेनें तार छेडावी. फर्नांदो सोर या स्पॅनिश वादकाच्या पॅरिस येथें १८३० सालीं निघालेल्या शिक्षणग्रंथांत हार्मोनिक स्वरांचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. पुढें मिगेल ल्योबेत यानें ‘एल तेस्तामेंत द आमेलिया’ या कातालान लोकगीताच्या मांडणींत मूळ चाल हार्मोनिकांत वाजविण्याची योजना केली.

विसाव्या शतकांत अमेरिकेचा चेट ॲटकिन्स (१९२४-२००१) आणि त्याच्याहून वयानें लहान असलेला लेनी ब्रो (१९४१-१९८४) यांनीं या युक्तीला नवें वळण दिलें. एक स्वर हार्मोनिक आणि पुढचा साधा, अशी त्यांची गुंफण असे. नेहमींच्या पद्धतीनें लावलेल्या मोकळ्या तारांवरहि तिचा नमुना पाहतां येतो. सहाव्या तारेचा बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक, मग तिसरी तार साधी. पांचवीचा हार्मोनिक, मग दुसरी साधी. चौथीचा हार्मोनिक, मग पहिली साधी. पहिला स्वर षड्ज मानला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि, सा असा धानी रागाचा आरोह उमटतो. प्रत्येक स्वर स्वतंत्र तारेवर असल्यामुळें मागचा विझण्यापूर्वींच पुढचा त्यांत मिसळतो आणि स्वरमंडळावरून बोट फिरविल्याचा भास होतो.

हार्मोनिकांचा एक उपयोग गिटार सुरांत लावण्याकडे करतात. त्यांतला एक धोका मात्र ध्यानांत ठेवला पाहिजे. सहाव्या तारेचा पांचव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि पांचव्या तारेचा सातव्यावरचा हार्मोनिक हे एकच स्वर समजून जुळविण्याचा प्रघात आहे. पण सहाव्या तारेचीं ८२.४ आंदोलनें चौपट केलीं तर सुमारें ३२९.६ होतात, आणि पांचवीचीं ११० तिप्पट केलीं तर ३३०. तारा योग्य लागल्या असतांहि या दोन स्वरांत पावणेतीन सेकंदांना एक या वेगानें संथ लाट ऐकूं यावयाचीच. ती लाट दोष समजून काढून टाकली तर प्रत्येक जोडींत १२०० पैकीं सुमारें दोन भागांची चूक राहते, आणि तीन जोड्यांनंतर ती सहा भागांवर जाते. बाराव्या पडद्याचा हार्मोनिक मात्र अशा रीतीनें फसवीत नाहीं. त्याच पडद्यावर तार दाबून निघणारा स्वर त्याच्याशीं ताडून पाहिला तर वाद्याची बांधणी कितपत बिनचूक आहे, हें घरबसल्या समजतें.

अभ्यासाचा क्रम सोपा ठेवावा. रोज दहा मिनिटें पुरेशीं आहेत. आधीं बाराव्या पडद्यावर सहाहि तारा सारख्या आवाजानें वाजूं लागाव्या. मग सातवा व पांचवा, त्यानंतर चौथ्याजवळची जागा, आणि शेवटीं उजव्या हाताची युक्ति. जाड तारांवर आरंभ करणें सोयीचें, कारण त्यांचा नाद अधिक वेळ टिकतो. जुन्या, मळलेल्या तारांतून बारीक स्वर लवकर नाहींसे होतात. म्हणून शिकणाऱ्यानें हाताला दोष देण्यापूर्वीं तारांकडेहि पाहावें. हार्मोनिकाचा आवाज साध्या स्वरापेक्षां नाजूक असल्यानें त्याच्या भोवतीचे स्वर हलके वाजवावे लागतात. हा संयम अंगीं आला म्हणजे त्या एका स्वराबरोबर सबंध वादनाचा कसहि वाढतो.