एका महिन्याची कादंबरी

एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहिण्याचा उपक्रम १९९९ साली अमेरिकेत एकवीस जणांनी सुरू केला. तो चालविणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली; हौस मात्र उरली. तीस दिवस धरले तर रोज सुमारे १,६६७ शब्द होतात. पण वर्षच ओढाताणीचे असेल तर?

दस्तयेव्हस्कीचे उदाहरण पाहा. १८६४ साली त्याची पत्नी व भाऊ वारले. भावाचे कर्ज त्याने शिरावर घेतले. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर नऊ वर्षे प्रकाशक त्याचे लेखन फुकट छापणार, असा करार होता. ऑक्टोबरात त्याने अ‍ॅना या लघुलेखिकेला नेमले. तो रात्री टिपणे काढी, दुपारी मजकूर सांगे. ती घरी तो उतरवून आणी. २६ दिवसांत ‘जुगारी’ पुरी झाली.

हा चमत्कार नव्हे. कथेची कल्पना त्याने १८६३ मध्येच एका पत्रात मांडली होती. म्हणून महिना लागण्यापूर्वीच आराखडा, रोजची वेळ आणि मदतीचे माणूस ठरवून ठेवावे. मन स्वस्थ होण्याची वाट पाहत बसलो, तर तो महिना कधीच उजाडत नाही.