कोरम भरला का?

लोकशाही मोडल्याची बातमी आली की टीव्हीवर रणगाडे दिसतात. मी ग्रामसेविका होते, काही वर्षं चंद्रपूरकडे आणि मग निवृत्तीपर्यंत गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात. मला विचाराल तर रणगाड्याची गरज नाही, सभेचे ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक पुरतं.

बिगर-आदिवासी भागात ग्रामसभेला कोरम म्हणून १५ टक्के किंवा १०० मतदार लागतात, यांतला जो आकडा कमी असेल तो. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभेला मात्र कोरमच लागत नाही. म्हणजे ज्याला गावकरी नकोच असतील त्यानं पहिली सभा ऐन धानाच्या रोवणीत ठेवावी आणि दुसरीला आपली दहा माणसं बसवावी. ठराव पक्का, आणि कायदा मोडला असं कुणाला म्हणताही येत नाही.

हंगेरीबद्दल वाचताना मला ही तहकूब सभाच आठवते. व्हिक्टर ऑर्बान यांना २०१० साली संसदेत दोन तृतीयांश बहुमत मिळालं. पुढच्याच वर्षी त्यांनी नवी राज्यघटना आणली, निवडणुकीचा कायदाही बदलला. सगळं मतदान घेऊन, रीतसर.

उलट बाजू पाहायची तर धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहावं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे गाव नावारूपाला आलं हे खरं, पण मला भावतो तो तिथला अभ्यास गट. आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत मांडायचा आणि निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं करायचा. एक जण अडला तरी विषय पुढच्या सभेला. (टार्गेट गाठायचं असलेल्या माणसाला हे फार जड जातं, अनुभवानं सांगते.)

वनहक्क कायदा २००६चा. त्यात गौण वनोपजांच्या यादीत बांबूचं नाव स्पष्ट आहे. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. पण तेव्हा बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागायचा, आणि तो वनखात्याच्या हातात होता. खात्याच्या लेखी तेव्हा बांबू म्हणजे लाकूड. पट्टा गावाकडे, माल जंगलात, गाडी जागेवर. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. लोक तो सोहळा सांगतात. मला त्याआधीची दोन वर्षं जास्त शिकवतात. हक्क कुणी काढून घेतला नव्हता, फक्त परवाना दिला नव्हता.

आणि आमच्या भागात दुसऱ्या बाजूला बंदूकही होती. मतदानावर बहिष्कार टाका म्हणणाऱ्या माओवाद्यांनीही लोकांना बोलू दिलं नाही, हे विसरून चालणार नाही.

आता जिल्हा परिषदेचं बघा. गडचिरोलीची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. राज्यात बहुतेक ठिकाणी हेच. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, कोर्टातल्या तारखा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. तुर्कस्तानात २०१६ नंतर कुर्दबहुल शहरांतले निवडून आलेले महापौर दहशतवादाचे आरोप ठेवून हटवले आणि सरकारी प्रशासक बसवले. आपल्याकडे तसा डाव होता असं मी म्हणणार नाही. पण हापशी बिघडलेल्या गावातल्या बाईला आठवडी बाजारात जाब विचारायला सदस्यच नव्हता. प्रशासक बाजारात येत नाही.

वनहक्काच्या ग्रामसभेचा कोरम मात्र कडक आहे. निम्मे सदस्य हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. अशाच एका सभेत वरून छापून आलेला ठराव मी सह्यांसाठी फिरवत होते. एक म्हातारी म्हणाली, “मॅडम, सही करू ना जी, पन पयले वाचून दाखवा.” वाचला. तिसऱ्या परिच्छेदात गावाच्या देवराईतून रस्ता जात होता. मग दोन तास भांडण झालं, चहा झाला, पुन्हा भांडण झालं. त्या दिवशी एकही सही झाली नाही. पंधरा दिवसांनी ठराव झाला तो गावानं सांगितलेल्या शब्दांत, रस्ता वळसा घालून नेण्याचा, आणि मी तो बुकात उतरवण्याआधी त्यांनी मला दोनदा वाचायला लावला.