इंटरनेट 'निधान' झाले? आधी निदान करा!

सीमाभागातल्या घरांत दोन भाषा एकाच पंक्तीला जेवायला बसतात. घराबाहेर पडणाऱ्याला आपण 'निधान होग्री' असे बजावतो. कन्नडमधला 'निधान' म्हणजे सावकाश. मराठीत त्याला अगदी जवळचा वाटणारा शब्द आहे 'निदान', म्हणजे रोग ओळखणे. मोबाइलवरचे इंटरनेट 'निधान' झाले की आपण काय करतो? फोन आपटतो, कंपनीला शिव्या घालतो, दुसरे सिम घेतो. निदान मात्र करत नाही. वाचकहो, ताप आला म्हणून कोणी एकदम औषध बदलत नाही, आधी ताप कशाने आला ते पाहतो. इथेही तेच करायचे आहे.

माझ्या मावसबहिणीचे उदाहरण देतो. ती लग्न होऊन वारासिवनीला गेली. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे हे तालुक्याचे गाव हातमागाच्या साड्यांसाठी ओळखले जाते. आपला जिल्हा मराठी-कन्नडच्या सीमेवर, तर तो मराठी-हिंदीच्या. मावशी इकडे निपाणीला असते. रोज रात्री आठला लेकीचा व्हिडिओ कॉल ठरलेला. पण चित्र गोठायचे, आवाज तुटायचा आणि दोन मिनिटांत कॉल बंद पडायचा. मावशीने मनाशी ठरवून टाकले, "जावयांना आमचं बोलणं आवडत नाही, तेच फोन काढून घेतात." तिकडे बहीण रडकुंडीला आलेली. भाच्याचा परीक्षेचा अर्जही शेवटच्या दिवशी, शुल्क भरताना अडकलेला. एका मंद इंटरनेटपायी दोन घरांत अढी बसण्याची वेळ आली होती.

आधी मोजा

'नेट चालत नाही' या तक्रारीला अर्थ नाही. कुठे, किती वाजता आणि किती चालते, हे लिहून काढावे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे 'ट्राय'चे 'मायस्पीड' हे मोफत ॲप त्यासाठी आहे. सकाळी, दुपारी व रात्री अशी तीन वेळा आणि घरात, अंगणात व गच्चीवर अशा तीन जागी मोजणी करावी. या मोजणीलाही डेटा लागतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

वेग मेगाबिटमध्ये दाखवतात आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ८ मेगाबिट वेग असेल तर सेकंदाला एकच मेगाबाइट उतरतो आणि १०० मेगाबाइटची फाइल यायला सुमारे १०० सेकंद लागतात. पुष्कळांचा गैरसमज इथेच होतो. साध्या व्हिडिओ कॉलला एक-दीड मेगाबिट पुरतो. पण तो दोन्ही दिशांनी हवा, कारण आपला चेहरा पाठवायला अपलोडही लागतो.

पॅक संपला की काय?

पहिला संशय पॅकवर घ्यावा. अनेक योजनांत रोज दीड-दोन जीबी डेटा मिळतो. तो संपला की इंटरनेट बंद होत नाही, वेग ६४ किलोबिटवर येतो. या वेगाने एक मेगाबाइटचा फोटो उतरायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. घरच्यांना वाटते टॉवर बिघडला, प्रत्यक्षात दिवसाचा शिधा संपलेला असतो. मध्यरात्रीनंतर नवा मिळतो.

हा शिधा खाते कोण? आपोआप अद्ययावत होणारी ॲप, फोटोंची आपोआप साठवण आणि व्हॉट्सॲपवर न विचारता उतरणारे सुप्रभाताचे व्हिडिओ. सेटिंगमध्ये जाऊन या तिन्हींना 'फक्त वायफायवर' असे बंधन घालावे.

फोन, सिम आणि भिंती

पॅक शिल्लक असूनही वेग नसेल तर फोनकडे वळावे. विमानाच्या चिन्हाचे बटन पंधरा सेकंद चालू ठेवून बंद करावे, म्हणजे फोन टॉवरशी नव्याने नाते जोडतो. एवढ्याने न भागल्यास फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. थ्रीजीच्या काळातले जुने सिम असेल तर ते कंपनीच्या दुकानातून बदलून घ्यावे, जुन्या सिमवर फोरजी मिळत नाही. 'नेटवर्क सेटिंग रीसेट' हा शेवटचा उपाय. त्याने वायफायचे साठवलेले पासवर्ड पुसले जातात, तेव्हा ते आधी टिपून ठेवावेत.

पुढचा प्रश्न संकेताचा. वरच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर फारसे विसंबू नये. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंगमधल्या फोनविषयीच्या माहितीत, सिमच्या स्थितीखाली एक उणे आकडा दिसतो. त्याचे एकक डीबीएम. उणे ८० ते ९० असेल तर चांगले, उणे ११० च्या पलीकडे गेला तर संकेत अशक्त समजावा. स्लॅब, जाड भिंती आणि पत्र्याची छपरे लहरी अडवतात. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर माल वाहतात, पण त्यांचा पल्ला कमी. फाइव्हजीचे चिन्ह सारखे येत-जात असेल तर फोन फोरजीवर स्थिर ठेवून पाहावा. पुष्कळदा वेग सुधारतो.

गर्दी आणि टॉवरमागची वाट

टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. गल्लीतल्या सार्वजनिक नळासारखेच हे. पहाटे धार जोरात, सगळ्यांनी एकदम तोट्या सोडल्या की करंगळीएवढी. रात्री आठ ते अकरा ही गर्दीची वेळ. ओळखायचे कसे? शेजारी त्याच कंपनीचा दुसरा फोन घेऊन मोजावे. दोन्हीकडे संकेत चांगला असून वेग कमी असेल, तर दोष आपल्या फोनचा नाही.

टॉवरच्या मागेही एक वाट असते. कुठे ती जमिनीखालच्या फायबरची, कुठे एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या सूक्ष्मलहरींची. ही वाट अरुंद असेल, तर फोनवर सगळ्या दांड्या दिसूनही वेग मिळत नाही. बालाघाटचा जंगलपट्टा अनेक वर्षे नक्षलग्रस्त गणला गेला. नक्षलग्रस्त भागांत सरकारी योजनेतून उभारलेले कितीतरी टॉवर टूजीचे होते, म्हणजे बोलण्यापुरते. अशा २,३४३ ठिकाणी फोरजी आणण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. अशा गावात फोन कितीही महागाचा घेतला तरी टॉवर देईल तेवढेच मिळणार.

सीमेवरच्यांची आणखी एक खास अडचण आहे. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दूरसंचाराची वेगवेगळी मंडळे. कागल-निपाणी रस्त्यावर किंवा बालाघाटहून गोंदियाकडे येताना फोन कधी पलीकडच्या मंडळाचा टॉवर पकडतो. काही फोनांत 'डेटा रोमिंग' बंद असेल तर तिथे इंटरनेट थांबते. ते चालू करावे. तरीही वेग मिळत नसेल तर नेटवर्क हाताने निवडून पाहावे.

वारासिवनीचे निदान काय निघाले?

बहिणीने चार दिवस मोजणी केली. पॅक शिल्लक होता. स्वयंपाकघरात आकडा उणे ११२, गच्चीवर उणे ८८. गच्चीवर सकाळी सातला वेग उत्तम, रात्री आठला त्याच जागी रडतखडत. शेजारणीच्या त्याच कंपनीच्या फोनवरही तीच गत. म्हणजे दुखणे दुहेरी होते, घरात भिंतींचे आणि रात्री गर्दीचे. जावई बिचारे निर्दोष! कॉलची वेळ सकाळी सातची झाली आणि जागा गच्चीची. चौथ्या दिवशी मावशीने स्वतःहून जावयांना फोनवर बोलावून घेतले, "थोडं बसा की, तुमच्याशीही बोलायचं आहे." भाच्याने पुढचा अर्ज मुदतीच्या तीन दिवस आधी, सकाळीच भरला.

तक्रार करायची तर अशी

दोष कंपनीकडे आहे असे मोजणीवरून दिसले, तर १९८ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जागा, वेळ, संकेताचा आकडा आणि वेग सांगावा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. उत्तर पटले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत दाद मागता येते. सिम बदलण्यापूर्वी नव्या कंपनीचा व्याप्ती-नकाशाही पाहावा. 'ट्राय'च्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना तो संकेतस्थळावर द्यावा लागतो. आणि ज्याच्या घरी त्या कंपनीचा फोन आहे, त्याच्याकडे रात्री नऊला चहाला जाऊन एकदा वेग मोजून यावे. सकाळच्या मोजणीवर भरवसा ठेवून पोर्टिंग करू नये.