गोठणारा संगणक : दोषाचा शोध कसा घ्यावा

बंगळूर शहराच्या मध्यभागी जी जुनी पेठ आहे, तिचा पाया केंपेगौडांनी १५३७ मध्ये मातीच्या कोटाच्या आत घातला. चिकपेट हा त्या जुन्या वस्तीचाच एक भाग होय. कन्नड भाषेत 'चिक्क' म्हणजे लहान. तेव्हा चिकपेट म्हणजे धाकटी पेठ. मराठी वाचकास ती अगदीच परकी नाही, कारण १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि शहाजीराजे भोसले यांना जहागीर म्हणून मिळाले. आज चिकपेटेची ख्याती रेशमी साड्यांसाठी आहे. परंतु तेथून थोड्याच अंतरावर सदर पत्रप्पा रस्ता लागतो. लोक त्याला एस. पी. रोड म्हणतात. संगणकांचे नवेजुने सुटे भाग विकणारी व यंत्रे दुरुस्त करणारी दुकाने तेथे एकमेकांस खेटून उभी आहेत.

अशा बाजारात जुना लॅपटॉप घेऊन येणाऱ्याची एक तक्रार नेहमीची असते. यंत्र मंद झाले म्हणून त्यातील सर्व पुसून ऑपरेटिंग सिस्टम नव्याने घातली. आणि तेव्हापासून ते काम चालू असताना मध्येच गोठते. बाण हलत नाही, अक्षर उमटत नाही, शेवटी बटण दाबून धरून यंत्र बंद करावे लागते. हे यंत्र आता निकामी समजावे काय? ज्या शाळेत किंवा ग्रंथालयात मोजकीच यंत्रे आहेत, तेथे या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊन चालणार नाही. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था अनेक जुन्या यंत्रांत नाही. त्यामुळे जुन्या यंत्रावर दुसरी प्रणाली घालण्याचा प्रसंग पुष्कळांवर येत आहे.

नव्या प्रणालीने काय बदलते?

ऑपरेटिंग सिस्टम ही यंत्राचा कारभार पाहणारी आज्ञावली होय. पडदा, कळफलक, तबकडी, बिनतारी जोडणी या प्रत्येक अवयवाशी बोलण्यासाठी तिला एकेक दुभाषी लागतो. या दुभाष्यास ड्रायव्हर म्हणतात. यंत्र कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्या विशिष्ट बनावटीस जुळणारे ड्रायव्हर त्यात घातलेले असतात. सर्व पुसून प्रणाली नव्याने घातली की ते नाहीसे होतात व त्यांच्या जागी सर्वसाधारण ड्रायव्हर येतात. बहुधा त्यांनी काम भागते. पण एखाद्या अवयवाने अपेक्षेप्रमाणे उत्तर दिले नाही, तर ड्रायव्हर वाट पाहत राहतो आणि त्याच्यामागे सारा कारभार अडून राहतो.

दुसरे कारण असे की, जुना दोष नव्या मांडणीत उघडा पडतो. घराच्या माळ्यावर गळती असेल आणि माळा कोणी वापरत नसेल, तर ती वर्षानुवर्षे कळत नाही. नवी प्रणाली जुनीपेक्षा अधिक स्मृती वापरते, आणि तबकडीच्या पूर्वी न वापरलेल्या भागावर आपल्या फायली ठेवते. तेथील एखादा भाग आधीच सदोष असला, तर तो आता नित्याच्या वाटेवर येतो. मालकास वाटते की प्रणालीने यंत्र बिघडविले. वस्तुतः तिने बिघाड केवळ दाखवून दिलेला असतो.

गोठण्याचे प्रकार

सर्व गोठणे एकसारखे नसते. यंत्र गोठताच कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा असेल आणि तो लागत व विझत असेल, तर आतील कारभार बहुधा चालू आहे व केवळ चित्र अडले आहे. संशय चित्राच्या ड्रायव्हरवर घ्यावा. दिवा जागचा हलत नसेल, तर बहुधा सारे यंत्रच थांबले आहे. तबकडीचा दिवा मात्र सतत लुकलुकत असेल आणि काही मिनिटांनी यंत्र पुन्हा भानावर येत असेल, तर ते खरे गोठणे नव्हे. स्मृती अपुरी पडल्याने प्रणाली तबकडीचा आधार घेत आहे, किंवा तबकडीस एखादा भाग वाचता येत नसल्याने ती तोच प्रयत्न पुनःपुन्हा करीत आहे, असे समजावे.

यंत्र केव्हा गोठते, हेही तितकेच बोलके असते. जड काम चालू असताना, पंखा जोरात फिरत असताना ते थांबत असेल, तर उष्णतेचा विचार प्रथम करावा. बारा वर्षांच्या यंत्रात पंख्याच्या जाळीत धूळ साचलेली असते, आणि प्रोसेसर व धातूची पट्टी यांच्यामधील उष्णतावाहक लेप वाळून गेलेला असतो. याउलट, यंत्र निवांत असतानाच गोठत असेल, तर कारण निराळे असू शकते. विजेची बचत व्हावी म्हणून प्रोसेसर रिकाम्या क्षणी डुलक्या घेतो. काही डुलक्या उथळ, काही खोल. २०१३ च्या सुमारास बाजारात आलेले इंटेलचे 'बे ट्रेल' घराण्यातील प्रोसेसर घेतलेली अनेक यंत्रे लिनक्स प्रणालीवर अशीच गोठत. खोल डुलकीस बंदी करणारी एक सूचना प्रणालीस दिली की ती नीट चालत. वीज तेवढी थोडी अधिक लागे. यंत्र तेच होते, भागही तेच होते. फक्त एक सूचना बदलली होती.

चाचण्यांचा क्रम

कुशल दुरुस्तीकार प्रथम शंकेचे क्षेत्र अर्धे करतो, मग उरलेल्याचे अर्धे. हीच रीत आपणही अनुसरावी. एका वेळी एकच बदल करावा, आणि केलेला बदल, वेळ व परिणाम वहीत लिहावा. एकाच वेळी तीन बदल केले आणि यंत्र सुधारले, तरी खरा दोष अज्ञातच राहतो.

पहिली पायरी म्हणजे, यंत्रात काही महत्त्वाचे असल्यास त्याची प्रत दुसरीकडे करून ठेवणे. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून चालणारी एखादी लिनक्स प्रणाली सुरू करावी. ती तबकडीस हात न लावता चालते. दोन-तीन तास ती बिनघोर चालली, तर संशय तबकडीवर किंवा नव्याने घातलेल्या प्रणालीवर येतो. ती देखील गोठली, तर स्मृती, उष्णता, वीजपुरवठा किंवा प्रोसेसरच्या डुलक्या यांकडे वळावे.

स्मृतीच्या परीक्षेसाठी मेमटेस्ट ही आज्ञावली रात्रभर चालू ठेवावी. एकही चूक दिसली, तर ती क्षुल्लक मानू नये. स्मृतीच्या दोन पट्ट्या असल्यास यंत्र बंद करून, बॅटरी वेगळी करून, एकेक पट्टी आळीपाळीने बसवून पाहावी. पुष्कळदा पट्टी काढून स्वच्छ करून पुन्हा घट्ट बसविली एवढ्यानेच काम होते.

तबकडी स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट नोंद म्हणतात. बदलून दिलेल्या खंडांची आणि निर्णय न झालेल्या खंडांची संख्या तीत पाहावी. ती वाढत असेल, तर तबकडी बदलणे हाच उपाय. जुन्या फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसविल्यास यंत्राचा वेगही पुष्कळ वाढतो.

हे दोन्ही निर्दोष ठरल्यावर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून यंत्राच्या नेमक्या क्रमांकाचे ड्रायव्हर घ्यावेत. प्रथम मुख्य फलकाचे, मग चित्राचे. बायोसची नवी आवृत्ती घालावयाची असेल, तर बॅटरी भरलेली व विजेची जोडणी पक्की असावी. मध्येच वीज गेल्यास यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो.

येथे एका फसगतीविषयी सावध करणे आवश्यक आहे. विंडोजच्या नोंदवहीत अशा प्रसंगानंतर 'कर्नल-पॉवर ४१' अशी ओळ सापडते. ती वाचून अनेक जण नवा चार्जर विकत आणतात. परंतु त्या ओळीचा अर्थ एवढाच की, यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. आणि बटण दाबून धरणारे तर आपणच असतो. खरा सुगावा तिच्या आधीच्या ओळींत शोधावा.

केव्हा थांबावे?

बॅटरी फुगलेली दिसली, तर सर्व चाचण्या तत्काळ थांबवाव्यात. तीस टोचू नये, दाबू नये. जाणत्या माणसाकडूनच ती काढवावी. मुख्य फलकच सदोष निघाला, तर दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या मोलापेक्षा जास्त होण्याचा संभव असतो. तेव्हाही पडदा, स्मृती व कळफलक दुसऱ्या यंत्राच्या उपयोगी पडतात, एस. पी. रोडसारखा बाजार अशा सुट्या भागांवरही चालतो. उरलेले अवशेष नेहमीच्या कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पोहोचले पाहिजेत.

परंतु ही वेळ येण्यापूर्वी वरील क्रम पूर्ण झालेला असावा. त्यास लागणाऱ्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. एक पेन ड्राइव्ह, एक पेचकस, एक वही आणि दोन-तीन दिवसांचा धीर एवढेच साहित्य पुरते. शाळेतील वरच्या वर्गाचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली यातील बहुतेक चाचण्या करू शकतील. चाचण्यांची वही मात्र यंत्राबरोबरच जपून ठेवावी. पुढील वर्षी दुसरे यंत्र गोठले, म्हणजे शोधाची सुरुवात कोठून करावी हे त्या वहीवरून कळेल.